‘हे माझ्याबाबतीत घडले’ : फ्रिंज रंगभूमीवरील आत्मनिवेदन आणि सत्याचा करार

एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा पेला आणि बोलणारा एक माणूस. फ्रिंज नाट्यमहोत्सवांतील आत्मनिवेदनपर प्रयोगांचे नेपथ्य बहुतेक वेळा यापलीकडे जात नाही. या साधेपणाला अनेकदा सौंदर्यदृष्टीचे श्रेय दिले जाते. परंतु त्याचे पहिले कारण व्यावहारिक आहे. एडिंबरो येथील फ्रिंजमध्ये एकाच खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत प्रयोगांमागून प्रयोग होत असतात. एका प्रयोगाच्या वाट्याला साधारणपणे तासाभराचा अवधी येतो आणि दोन प्रयोगांमध्ये सामान हलविण्यासाठी जेमतेम पाव तास मिळतो. खोली म्हणजे कधी चर्चचे सभागृह, कधी विद्यापीठातील व्याख्यानकक्ष, तर कधी पबचे तळघर. अशा ठिकाणी भव्य नेपथ्य शक्य नसते. बोलणारा माणूस मात्र शक्य असतो. एक रंगप्रकार येथे जागेच्या आणि पैशाच्या टंचाईतून घडला, आणि त्या टंचाईने त्याला जी निकटता दिली तीच पुढे त्याची शक्ती आणि त्याची अडचणही ठरली.

या महोत्सवाचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९४७ साली एडिंबरो आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपापल्या बळावर तेथे आल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी प्रयोग केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केंप या नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाच्या काठावर चाललेल्या या नाट्यव्यवहाराचा उल्लेख करताना ‘फ्रिंज’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. परंतु प्रयोगांची निवड करणारी समिती नेमायची नाही, हे तत्त्व तिने कायम ठेवले. २०१९ साली येथे ३,८०० हून अधिक प्रयोगांची नोंद झाली होती. कॅनडात १९८२ साली एडमंटन येथे सुरू झालेल्या फ्रिंजने हेच तत्त्व निराळ्या रीतीने राबविले. तेथे व त्या धर्तीवरील इतर शहरांत कलावंतांची निवड चिठ्ठ्या टाकून होते आणि तिकिटाचे मूळ उत्पन्न कलावंताच्या हाती पडते. उन्हाळ्यात या शहरातून त्या शहरात जाणाऱ्या कलावंताला एका बॅगेत मावेल असाच प्रयोग परवडतो. कॅनडातील फ्रिंजवर एकट्या कथकाचे प्राबल्य का, याचे अर्धे उत्तर या बॅगेत आहे.

निवड नाही याचा अर्थ स्पर्धा नाही असा मात्र होत नाही. एडिंबरोत कलावंताला खोलीचे भाडे, निवासाचा खर्च आणि जाहिरात यांचा भार स्वतःच उचलावा लागतो. रॉयल माइलवर पत्रके वाटत उभे राहावे लागते. हजारो प्रयोगांच्या गर्दीत एका वाक्यात सांगता येईल असे काही हाती असावे लागते. ‘हे माझ्याबाबतीत खरोखर घडले’ हे ते वाक्य होय. म्हणून या वाक्याकडे केवळ कलात्मक भूमिका म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. ते एकाच वेळी कबुलीजबाब असते, वचन असते आणि जाहिरातही असते.

मराठी वाचकाला हा प्रकार प्रथमदर्शनी ओळखीचा वाटण्याचा संभव आहे. कीर्तनाची दीर्घ परंपरा, शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गाजविलेले कथाकथन, पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’, लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ही सर्व उदाहरणे एका माणसाने सभागृह बांधून ठेवल्याचीच आहेत. तथापि साम्य येथेच संपते. कीर्तनकार आख्यान लावतो ते संताचे वा देवाचे. स्वतःचा संसार तो दृष्टांतापुरता आणतो. एकपात्री कलावंताचे कौशल्य अनेक माणसे उभी करण्यात असते; त्याचे स्वतःचे चरित्र त्या माणसांमागे दडलेले राहते. फ्रिंजवरील आत्मनिवेदक याच्या उलट दिशेने जातो. त्याला पात्र व्हायचे नसते, किंवा निदान आपण पात्र नाही असे भासवायचे असते. मराठीत या वृत्तीचे खरे नाते जुळते ते रंगभूमीशी नव्हे, तर आत्मकथनांशी. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) या पुस्तकांनी जगलेल्या आयुष्याचा जो अधिकार वाङ्मयात प्रस्थापित केला, तोच अधिकार आत्मनिवेदक रंगमंचावर मागत असतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की पुस्तक मिटून ठेवता येते. समोर बसून बोलणाऱ्या माणसाला तसे मिटता येत नाही.

फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यून यांनी १९७५ साली आत्मचरित्राची व्याख्या करताना ‘करार’ ही संकल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचे नाव एकच आहे, असे पुस्तक वाचकाला सुचविते आणि वाचक ते गृहीत धरून वाचतो. रंगमंचावर हा करार अधिकच कडक होतो, कारण तेथे नावासोबत शरीरही एकच असते. परंतु करार दोघांत होतो आणि आत्मकथेत माणसे पुष्कळ असतात. आई, मित्र, शत्रू, गिऱ्हाईक, कामगार यांनी या करारावर सही केलेली नसते. आत्मनिवेदनाच्या समीक्षेने ‘निवेदक खरे बोलतो काय’ एवढाच प्रश्न विचारून थांबता कामा नये. त्याच्या कथेत जे अनुपस्थित आहेत त्यांच्याशी तो कसा वागतो, हा प्रश्न अधिक कसोटीचा आहे.

या प्रकाराचा आद्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते स्पॉल्डिंग ग्रे (१९४१–२००४) हे फ्रिंज महोत्सवांतून नव्हे, तर न्यूयॉर्कच्या प्रायोगिक रंगभूमीतून आले. तरीही टेबल, वही आणि पाण्याचा पेला ही प्रतिमा त्यांनीच रूढ केली. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ते आधी संहिता लिहीत नसत. मुद्द्यांची टिपणे समोर ठेवून ते बोलत, ध्वनिमुद्रण ऐकत आणि पुढच्या प्रयोगात बदल करीत. संहिता अशा रीतीने प्रेक्षकांसमोर घडत जाई. ‘स्विमिंग टू कंबोडिया’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या निवेदनावर १९८७ साली जोनाथन डेमी यांनी चित्रपट केला. ‘द किलिंग फील्ड्स’ (१९८४) या चित्रपटात ग्रे यांना एक छोटी भूमिका मिळाली होती आणि चित्रीकरण थायलंडमध्ये झाले होते. त्या मुक्कामाची हकीकत सांगता सांगता ते कंबोडियातील नरसंहाराकडे येतात आणि पुन्हा समुद्रकाठावरील आपल्या ‘परिपूर्ण क्षणा’च्या शोधाकडे वळतात. लाखो मृतांच्या पार्श्वभूमीवर एका सुखवस्तू नटाची ही क्षणाची तहान विसंगत, किंबहुना काहीशी अश्लील वाटते. परंतु ती विसंगती ग्रे लपवीत नाहीत. निवेदकाचा आत्ममग्नपणा हाच तेथे निवेदनाचा विषय होतो आणि कंबोडियाचा साक्षीदार असल्याचा आव ते कोठेही आणीत नाहीत. आपण चित्रपटातल्या कंबोडियात होतो, खऱ्या नव्हे, हे ते प्रेक्षकाला विसरू देत नाहीत.

ग्रे निर्दोष होते असे मात्र नाही. आपल्या आईच्या आत्महत्येवर आधारित ‘रमस्टिक रोड’ (१९७७) या सामूहिक नाट्यप्रयोगात त्यांनी कुटुंबीयांच्या आणि आईवर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या ध्वनिमुद्रित संभाषणांचा उपयोग केला. खासगी संभाषण संमतीवाचून रंगमंचावर आणण्यास त्या वेळीच आक्षेप घेतला गेला होता. म्हणजे अनुपस्थितांचा प्रश्न या प्रकाराच्या पाळण्यातच होता.

ग्रे यांच्या टेबलाचा वारसा उघडपणे स्वीकारणारे माइक डेझी यांच्याबाबतीत हा प्रश्न सार्वजनिक वादाच्या रूपाने उभा राहिला. ‘द अ‍ॅगनी अँड द एक्स्टसी ऑफ स्टीव्ह जॉब्स’ या निवेदनात त्यांनी चीनमधील शेन्झेन येथे जाऊन ॲपलची उपकरणे तयार करणाऱ्या कामगारांना भेटल्याची हकीकत सांगितली. कारखान्याच्या दाराशी बंदूकधारी पहारेकरी, बारा-तेरा वर्षांच्या कामगार मुली, विषारी रसायनाने हात थरथरणारे कामगार, आणि ज्या उपकरणाच्या निर्मितीत हात जायबंदी झाला ते उपकरण प्रथमच चालू स्थितीत पाहणारा एक माणूस, अशा प्रसंगांनी प्रेक्षक हेलावून जात. नाट्यगृहाच्या माहितीपत्रकात ही कल्पित कृती नसल्याचे स्पष्ट म्हटलेले असे. जानेवारी २०१२ मध्ये ‘धिस अमेरिकन लाइफ’ या नभोवाणी कार्यक्रमाने त्यातील भाग प्रसारित केला. त्यानंतर चीनमधील एका वार्ताहराने डेझी यांच्या दुभाषी बाईंचा शोध घेतला, तेव्हा यांतील कित्येक प्रसंग त्यांनी नाकारले. रसायनाच्या विषबाधेची घटना खरी होती. परंतु ती दुसऱ्या शहरात घडली होती आणि ते कामगार डेझी यांना भेटलेले नव्हते. मार्च २०१२ मध्ये कार्यक्रमाने संपूर्ण भाग मागे घेतला. आपण पत्रकारिता नव्हे, रंगभूमी करतो, असा डेझी यांचा बचाव होता.

हा बचाव तपासून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. रंगमंचीय निवेदनात काळ आकुंचित होतो, दोन माणसांचे एक माणूस होते, संवाद नव्याने रचले जातात. ग्रे यांनीही हे केले. डेझी यांचा दोष अतिशयोक्तीचा नाही. कामगारांची विषबाधा अन्य पत्रकारांनी आधीच नोंदविली होती. ती माहिती ‘मी वाचले’ असे म्हणून सांगता आली असती. डेझी यांनी ‘मी पाहिले’ असे म्हटले. दुसऱ्यांच्या दुःखाची साक्ष त्यांनी आपल्या नावावर चढवून घेतली. आणि असत्य उघड झाल्यावर संशयाचा डाग त्यांच्यापुरता राहिला नाही, खरोखर बाधा झालेल्या कामगारांच्या तक्रारीवरही तो पडला. करारावर सही न केलेल्यांनी त्याचा दंड भरला. या प्रकरणातील एक तपशील विशेष बोलका आहे. वाद उद्भवण्याच्या थोडेच आधी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, डेझी यांनी आपली संहिता कोणालाही मानधनावाचून प्रयोग करता यावा म्हणून खुली केली होती. ‘मी तेथे होतो’ हे वाक्य जो तेथे नव्हता अशा कोणत्याही नटाने म्हणावे, अशी ही मुभा. निवेदनातील ‘मी’ ही साक्ष नसून एक भूमिका आहे, याची कबुली त्या मुक्त संहितेत नकळत देऊन ठेवलेली होती.

हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’ने (२०१७) प्रश्न वेगळ्या टोकाकडून मांडला. मेलबर्न आणि एडिंबरो या दोन्ही ठिकाणी पुरस्कार मिळविलेला आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्समुळे जगभर पोहोचलेला हा प्रयोग विनोदी निवेदनाच्या रचनेचीच चिकित्सा करतो. गॅड्सबी यांचे प्रतिपादन असे की, विनोदाला दोन भाग पुरतात, ताण आणि त्याचा विसर्ग. कथेला मात्र शेवट लागतो. प्रयोगाच्या पूर्वार्धात बसथांब्यावरील एका धटिंगणाची हकीकत हशा घेते. उत्तरार्धात तीच हकीकत पुन्हा येते आणि तो माणूस परत आला होता, त्याने मारहाण केली होती, हे कळते. पूर्वार्धातील हशा कापलेल्या सत्यावर उभा होता. यातील मर्म असे की, गॅड्सबी यांनी आधी काहीही खोटे सांगितलेले नव्हते. फक्त कोठे थांबायचे ते ठरविले होते. वस्तुनिष्ठ अचूकता सांभाळूनही निवेदक स्वतःशीच अप्रामाणिक राहू शकतो, हे इतक्या प्रत्ययकारी रीतीने क्वचितच कोणी दाखविले असेल. प्रयोगाच्या शेवटाकडील भाषणाचा सूर काहीसा उपदेशपर होतो, ही तक्रार रास्त आहे. पण तोवर रचनेने आपले काम केलेले असते.

या संदर्भात रिचर्ड गॅड यांचे दोन प्रयोग अधिक तपशिलाने पाहणे आवश्यक ठरते. ‘मंकी सी मंकी डू’ हा २०१६ चा प्रयोग. एडिंबरोतील एका पबमधील छोट्या खोलीत गॅड धावपट्ट्यावर अखंड धावत राहत आणि मागे एक गोरिला लागलेला असे. लैंगिक अत्याचारानंतरच्या भयाला आणि लज्जेला दिलेले हे दृश्यरूप ओबडधोबड होते, पण त्यात शब्दांआधी शरीर दमत असे, आणि ही दमणूक खोटी असू शकत नव्हती. या प्रयोगाला त्या वर्षीचा एडिंबरो कॉमेडी अवॉर्ड मिळाला. २०१९ मध्ये समरहॉल येथे ‘बेबी रेनडिअर’ आले. मद्यगृहात काम करणाऱ्या तरुणाने रडवेल्या स्त्रीला सहानुभूतीने चहा दिला आणि त्यानंतर तिने वर्षानुवर्षे त्याचा पाठलाग केला, अशी ही हकीकत. जॉन ब्रिटन यांच्या दिग्दर्शनातील या प्रयोगात त्या स्त्रीच्या ठिकाणी एक रिकामे उंच स्टूल होते. तिचे संदेश दिसत, ऐकू येत. ती मात्र नसे.

हे रिकामे स्टूल या संपूर्ण रंगप्रकारातील अत्यंत अर्थपूर्ण वस्तू मानावी लागेल. गोलाकार बसलेल्या प्रेक्षकांच्या मध्यभागी ती जागा रिकामी असल्यामुळे दोन गोष्टी साधत. निवेदक जे सांगतो ती एकाच बाजूची कथा आहे, याची आठवण सतत राही. शिवाय त्या स्त्रीची नक्कल करून हशा मिळविण्याचा सोपा मार्ग बंद होई. संहितेतही गॅड स्वतःला निव्वळ बळी म्हणून उभे करीत नाहीत. सुरुवातीला आपल्याला ते लक्ष हवेहवेसे वाटले, आपण ते वाढू दिले, हे ते मान्य करतात. ‘बलुतं’मध्ये दया पवार यांनी कथा सांगणारा दगडू आणि ती ऐकणारा दया पवार असे एकाच माणसाचे दोन भाग केले होते. गॅड यांच्या निवेदनातही सांगणारा आणि घडलेला यांच्यात असेच अंतर आहे, आणि त्या अंतरातून आत्मपरीक्षण शक्य होते.

एप्रिल २०२४ मध्ये हीच कथा नेटफ्लिक्सवर सात भागांच्या मालिकेच्या रूपाने आली. मालिका प्रभावी आहे, तिला मिळालेले एमी पुरस्कार अनाठायी नाहीत. परंतु पडद्यावर स्टूल रिकामे ठेवता येत नाही. तेथे अभिनेत्री आली, चेहरा आला, देह आला, आवाज आला, आणि मालिकेच्या आरंभी ही सत्यकथा असल्याचे वाक्य आले. परिणाम अपेक्षित असाच झाला. प्रेक्षकांनी खऱ्या व्यक्तीचा शोध सुरू केला. जून २०२४ मध्ये मालिकेतील पात्र आपल्यावरूनच बेतल्याचे सांगत एका स्त्रीने अमेरिकेतील न्यायालयात नेटफ्लिक्सविरुद्ध बदनामीचा दावा दाखल केला आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी बदनामीचा मुद्दा पुढे चालविण्यास अनुमती दिली. कायद्याचा निर्णय हा समीक्षेचा विषय नव्हे. समीक्षेने नोंदवायचे ते इतकेच की, ‘सत्यकथेवर आधारित’ आणि ‘ही सत्यकथा आहे’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच अंतर रिकाम्या स्टुलात आणि भरलेल्या स्टुलात आहे. लहान खोलीत करार शंभर-दीडशे माणसांशी होता; तो एका संध्याकाळपुरता होता; निवेदक त्यांच्या डोळ्यांत पाहत होता. माध्यम बदलताच कराराची एक बाजू कोट्यवधी अनोळखी लोकांची झाली.

पुनरावृत्तीच्या प्रश्नाकडे मात्र समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ऑगस्ट महिन्यात सुमारे पंचवीस दिवस, जवळजवळ रोज, ठरल्या वेळी आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट घटना पुन्हा सांगायची, हे या महोत्सवाचे वेळापत्रक मागते. नटाला भूमिकेचे चिलखत असते. आत्मनिवेदकाने ते काढून ठेवल्याचे जाहीर केलेले असते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर याएल फार्बर यांनी रचलेले ‘निर्भया’ ऑगस्ट २०१३ मध्ये एडिंबरो फ्रिंजवर आले, तेव्हा हा प्रश्न भारतीय संदर्भात उभा राहिला. हा एकल प्रयोग नव्हता. त्यातील स्त्रियांनी स्वतःवर झालेल्या अत्याचारांच्या हकीकती आपापल्या तोंडून सांगितल्या. त्यांपैकी एक व्यावसायिक अभिनेत्री नव्हती. हुंड्यासाठी झालेल्या छळात ती भाजली होती आणि त्या खुणा तिच्या चेहऱ्यावर होत्या. तिच्यापुरता लज्यून यांचा करार शब्दशः देहावर लिहिलेला होता. प्रयोगातील समूहगायन, संथ हालचाली आणि मंद प्रकाश यांची योजना काही ठिकाणी अति सुबक वाटते. जखमेला चौकट घालण्याची घाई त्यात दिसते. परंतु समूहाने एक गोष्ट निश्चित साधली. एक स्त्री बोलत असताना बाकीच्या तिच्या कथेतील इतर माणसे होत, तिला धरत, तिच्या बाजूला उभ्या राहत. पुनरावृत्तीचा भार एकीवर पडत नव्हता. २०१४ मध्ये हा प्रयोग भारतात आला तेव्हा ‘अनुपस्थित’ या शब्दाचा अर्थच बदलला. एडिंबरोत कथेतील नवरा, काका, शेजारी हे दूरच्या देशातील लोक होते. मुंबईत ते तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसलेले असणे अशक्य नव्हते.

अशा प्रयोगांना वृत्तपत्रीय समीक्षक एक ते पाच तारे देतात. महोत्सवाच्या पहिल्या आठवड्यात मिळालेले तारे पत्रकावर डकविले जातात आणि त्यांवर पुढच्या दोन आठवड्यांची तिकीटविक्री अवलंबून राहते. एखाद्याच्या आयुष्याला तीन तारे कसे द्यायचे, या संकोचातून बहुतेक परीक्षणे ‘धाडसी’ आणि ‘प्रामाणिक’ या दोन विशेषणांवर भागवून नेतात. हा संकोच सहृदय वाटला तरी तो कलावंताला दिलेला न्याय नव्हे. गॅड यांचे धाडस कोणत्याही पीडिताच्या धाडसाइतकेच होते. त्यांचे रंगकर्म मात्र स्टूल रिकामे ठेवण्याच्या निर्णयात होते, आणि त्याची चर्चा ताऱ्यांच्या रकान्यात मावत नाही. डेझी यांच्या प्रयोगावरही हीच विशेषणे उधळली गेली होती, तीही दुभाषी बाईंना कोणी दूरध्वनी करण्यापूर्वी.